न फुटलेला ग्रह

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा, ही बरी, आणि गच्चीवरची टाकी पुन्हा गळायला लागली आहे, तेव्हा घरात सगळं नेहमीसारखं चाललं आहे असं समज. तुझं नवं श्रवणयंत्र कानात शिट्ट्या मारतं म्हणून तू ते डब्यात ठेवून दिलंस, हे वाचलं. राहू दे डब्यात. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मला घसा जपायचा असल्यामुळे ओरडता येत नाही. आपली पत्रंच बरी.

तारांगणातली बातमी अशी, की आमचा लघुग्रहांवरचा शो बंद होणार. तोच गं, तू कान शाबूत असताना दोनदा येऊन पाहिलेला. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये दगडांचा तो मोठा पट्टा फिरतो ना, तो कसा झाला त्याची गोष्ट. एकोणीस वर्षं त्या घुमटात माझा आवाज घुमतोय. 'फार फार वर्षांपूर्वी इथे एक ग्रह होता. आणि एके दिवशी...' इथे मी थांबायचो. किती थांबायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अंधारात शेकडो पोरं श्वास धरून बसायची, आणि मग, 'तो फुटला!' मागून गडगडाट. पोरं अशी किंचाळायची की खुर्च्या हलायच्या. औषधाच्या दुकानातला माणूस मला अजून 'या, फुटलाकाका' म्हणतो. लहानपणी तोही किंचाळून गेलेला आहे.

तर आता म्हणे तो ग्रह फुटलाच नाही.

आमच्याकडे एक नवीन शास्त्रज्ञ बाई आली आहे. वयाने आपल्या मावशीच्या नातीएवढी असेल. तिने नवी संहिता लिहिली आहे. मी म्हटलं, "अहो बाई, फुटला नाही तर दगड आले कुठून?" ती म्हणाली, "काका, तिथे ग्रह झालाच नाही. त्याचा कच्चा माल तेवढा उरला." आणि मग कागदावर गोल काढून तिने मला समजावलं. सूर्य नवा होता तेव्हा त्याच्याभोवती धूळ आणि वायूची प्रचंड तबकडी फिरत होती. धूळ धुळीला चिकटली, त्याचे खडे झाले, खड्यांचे डोंगर झाले, डोंगर एकमेकांत मिसळून ग्रह झाले. आपली पृथ्वी अशीच झाली. मंगळाच्या पलीकडेही हे काम सुरू झालं होतं. पण शेजारी गुरू आधी मोठा झाला आणि त्याच्या ओढीने तिथल्या डोंगरांची चाल बिघडली. ते इतक्या वेगाने धावायला लागले की एकमेकांवर आदळले की चिकटायच्या ऐवजी त्यांचा चुरा व्हायचा. बरेच तर पार बाहेर भिरकावले गेले. उरलं ते इतकं थोडं, की सगळं गोळा केलं तर आपल्या चंद्राच्या तीस भागांतला एखादा भाग भरेल.

मी विचारलं, "म्हणजे गडगडाट नाही?"

"अवकाशात आवाज नसतो, काका."

हे मला माहीत आहे. पण घुमटात असतो ना.

असो. नवा शो म्हणजे नवं ध्वनिमुद्रण, तेव्हा मला पुन्हा स्टुडिओत जावं लागणार. नेमकी सर्दी झाली आहे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत. बाई परवा संहिता घेऊन घरी आली होती; किती मिनिटं लागतात ते तिला बघायचं होतं. माझा घसा बसलेला, म्हणून हिला म्हटलं, तू जरा वाचून दाखव. हिने मटार सोलता सोलता चष्मा लावून वाचून दाखवलं. बरं वाचलं.

टाकीचं असं झालंय, की प्लंबर म्हणतो बुडाला बारीक चीर आहे, आतून लेप लावला तर वर्षभर निघेल. पण मागच्या वेळीही तो हेच म्हणाला होता आणि लेप चार महिन्यांत सुटला. शेजारच्यांनी सरळ नवी टाकी बसवली. मला वाटतं आपणही तेच करावं. तुझं काय मत?

तुझा,
धाकटा


६ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. 'टाकीबद्दल सहा ओळी आणि बायकोने वाचलं त्याबद्दल दोन शब्द. तू जळतोयस का रे?' एवढंच लिहून तू पाकीट चिकटवलंस. वर तिकीट लावलंस. ताई, पोस्टाला एवढ्यासाठी त्रास देत जाऊ नकोस.

मी जळत नाही. काय झालं ते सांगतो, तूच ठरव.

त्या दिवशी हिने वाचलं तेव्हा ती शास्त्रज्ञ बाई घड्याळ लावून बसली होती. वाचून झालं तरी तिने घड्याळ बंद केलं नाही. मग म्हणाली, "काकू, परत एकदा वाचाल? मी फोनवर घेते." हिने विचारलं, "काही चुकलं का?" "नाही, काही चुकलं नाही." हिने परत वाचलं. मटाराची टोपली मांडीवर तशीच. बाईने ते मुद्रण आमच्या संचालकांना पाठवलं, आणि आठवड्याने मला बोलावणं आलं की आवाजाची चाचणी आहे, दोघंही या.

दोघंही. एकोणीस वर्षांनंतर माझी चाचणी.

स्टुडिओ म्हणजे एक लहानशी खोली. भिंतींना करड्या रंगाचा जाड स्पंज, काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. त्याला सगळे दाढीवाला म्हणतात. आधी मी वाचलं. खुल्या आवाजात, छातीतून, जसं वाचायला हवं तसं. मग ही गेली. चपला बाहेर काढल्या, पर्स मांडीवर घेतली आणि माइकला विचारलं, "इथेच बोलायचं का?" दाढीवाला हसला. मी एवढी वर्षं तिथे जातोय, तो माझ्या कुठल्या वाक्याला हसल्याचं मला आठवत नाही.

तिने वाचलं. तुला तिचा आवाज आठवतो? काही विशेष नाही गं त्यात. लॅबमध्ये रक्त घेते ना ती, लोकांना "मूठ आवळा, जरा टोचेल" म्हणते, तसाच. चढ नाही, उतार नाही. 'पट्टा'मधला ट जितका ठसठशीत हवा तितका नाही. मी काचेआडून दोन-तीन ठिकाणी खूण केली, पण ती कागदाकडे बघत होती.

संचालक बाहेर येऊन म्हणाले, "तुमचा आवाज भारदस्त आहे, यात वाद नाही." ताई, भारदस्त हा शब्द मी आजवर लोकांना फक्त कपाटाबद्दल वापरताना ऐकलाय. "पण या संहितेला वहिनींचा आवाज बसतोय." कालपर्यंत ती त्यांच्या लेखी 'तुमच्या मिसेस' होती. चाचणीनंतर वहिनी झाली.

मी म्हणालो, छान झालं. खरंच म्हणालो, दोनदा म्हणालो.

घरी येताना बसमध्ये ही म्हणाली, "तुम्ही गप्प का?" मी म्हटलं, घसा. समोर एक बाई बसली होती, ती हिला ओळखून म्हणाली, "तुम्हीच ना लॅबमधल्या? तुमच्या हातून सुई गेलेली कळतच नाही." ही हसली. माझ्याकडे त्या बाईने पाहिलंसुद्धा नाही. मला एरवी याचं काही वाटलं नसतं.

पण आता काळजीचं कारण नाही. संचालकांचा चार दिवसांनी फोन आला तेव्हा हिने सांगून टाकलं की लॅबमधून सुट्टी मिळणार नाही, यांनाच घ्या. तेव्हा ध्वनिमुद्रण मीच करतोय. पुढच्या आठवड्यात तारीख आहे. हिची रजा शिल्लक आहे की नाही हे मी विचारलं नाही. तिच्या कामात मी कधी लुडबुड करत नाही, तुला माहीत आहे.

सर्दी गेली. टाकी नवी घेतली, निळी.

तुझा,
न जळणारा धाकटा


२९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. 'तिने का सोडलं?' हे तुझं तीन शब्दांचं पत्र येऊन दहा-बारा दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. आज लिहितो.

आधी ध्वनिमुद्रणाचं. ठरल्या दिवशी मी गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू घुमटातली पोरं मला बघणारच होती. सुरुवात बरी झाली. धुळीची तबकडी, खडे, डोंगर, सगळं झालं. मग ते वाक्य आलं: 'इथे एक ग्रह होऊ शकला असता. झाला नाही.' दोन लहान वाक्यं. मी वाचली. दाढीवाल्याने काचेपलीकडून हात वर केला. "काका, परत." परत वाचली. "परत." कितव्या वेळेला कोण जाणे, तो कानावरचे हेडफोन काढून आत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "काका, कोणी गेलेलं नाही हो. नुसतं सांगा."

"मी सांगतोच आहे."

"तुम्ही श्रद्धांजली वाहताय."

मी चिडलो. म्हटलं, हा सोहळा आहे की बातम्या? त्याने निमूट मला माझंच मुद्रण ऐकवलं. 'झाला,' आणि मग तो माझा ठेवणीतला थांबा, आणि मग कापऱ्या आवाजात, 'नाही.' ताई, मी आयुष्यभर तो थांबा मिरवला. तिथे तो ऐकताना मला अंगावरचा शर्ट काढून टाकावासा वाटला. आणि त्याहून वाईट काय, तर माझ्या कानात ते वाक्य हिच्या आवाजात वाजत होतं. मटार सोलताना ती कशी म्हणाली होती. 'झाला नाही.' चहात साखर नाही म्हणावं, तसं.  त्या दिवशी स्वयंपाकघरात मी ते वाक्य ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं, की हे मला येणार नाही. हे तुला पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. त्याऐवजी तुला टाकी लिहिली.

मी दाढीवाल्याला म्हटलं, आज थांबू या. बाहेर पडलो आणि घरी न जाता सरळ हिच्या लॅबवर गेलो. आजवर तिथे मी कधी आत गेलो नव्हतो, दारात उभा राहून हाक मारायचो. लोक नंबर धरून बसले होते. मीही बसलो. समोर एक पैलवानासारखा माणूस खुर्चीवर डोळे मिटून घाम पुसत होता. ही त्याला म्हणाली, "भीती वाटतेय ना? वाटू द्या. मूठ आवळा. आता टोचेल. टोचलं. झालं, सोडा मूठ." तो डोळे उघडून म्हणाला, "झालंसुद्धा?" तिने त्याला 'घाबरायचं काही नाही' असं म्हटलं नव्हतं. टोचणार नाही असंही नाही. जे होणार होतं ते तिने होता होता सांगितलं, बस.

माझा नंबर आला. मी खुर्चीवर जाऊन बसलो. ही बघतच राहिली.

"तुम्हाला काय झालंय? डॉक्टरांची चिठ्ठी कुठे आहे?"

"चिठ्ठी नाही. तू संचालकांना सुट्टी मिळत नाही म्हणून सांगितलंस."

"हो."

"तुझी रजा शिल्लक आहे."

"आहे की. भरपूर आहे."

"मग खोटं का बोललीस?"

ती नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाचणीहून आल्यापासून तुम्ही माझ्याशी धड बोलत नव्हता. मीठ मागायचं तरी भिंतीकडे बघून मागत होता. म्हटलं, कशाला हे."

"तू नाही म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं," मी म्हणालो. शब्द तोंडातून कसे निघाले मला ठाऊक नाही.

"माहीत आहे. त्या दिवशी तीन वेळा भाजी वाढून घेतलीत."

ताई, मला वाटत होतं मी तोंडावरची रेषही हलू दिली नव्हती. भाजीचं माझ्या लक्षातच आलं नाही.

मी विचारलं, "तुला वाचायचं होतं का?"

तिने हातमोजे काढले. एक काढला, मग दुसरा. 

"आता विचारताय," ती म्हणाली. "होतं. फार होतं. दिवसभर मी लोकांना मूठ आवळा, मूठ सोडा एवढंच सांगते. ते कागद हातात आले तेव्हा वाटलं, हे कोणाला तरी सांगावं. साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि ती मी सांगतेय, आणि ती मुलगी घड्याळ बंद करायची विसरली. मी पाहिलं होतं ते. तुम्ही एकदा जरी विचारलं असतंत ना, 'तुला करायचंय का', तरी मी नाही म्हटलं असतं कदाचित. पण विचारलंत नाही. माझं 'नाही' तुम्हाला इतकं सोयीचं पडलं, की तुम्ही ते उचलून खिशात घातलंत."

मागून कोणीतरी खोकलं. "मॅडम, माझा नंबर होता..."

"आलेच," ही म्हणाली. मग मला हळूच, "उठा. लोक उपाशीपोटी बसलेत."

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तिने माझ्यासाठी सोडलं, आणि मी ते सोडू दिलं. आणि हो, जळतोय. आवाजावर जळलो असतो तर निदान कलावंत म्हणून मिरवता आलं असतं. मी त्याच्याही खाली गेलो. बसमधल्या बाईवर जळलो, दाढीवाल्याच्या हसण्यावर जळलो. परवा ही न्हाणीघरात गुणगुणत होती तर तिथेही सुरात आहे का हे बघत दाराशी उभा राहिलो. पंचावन्न वर्षांचा माणूस मी.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "मी उद्या संचालकांना सांगतो, तुला घ्या म्हणून." वाटलं होतं ती निवळेल. ती म्हणाली, "तसं नको. तुम्ही दिलेलं मला नको. तुम्ही फक्त तुमचं सांगा, की तुम्हाला जमत नाही. पुढे कोणाला विचारायचं ते त्यांचं ते ठरवतील."

'जमत नाही.' मला वाटतं ती मुद्दाम म्हणाली. की नाही, ठाऊक नाही. ती असंच बोलते.

दुसऱ्या दिवशी गेलो. संचालकांच्या खोलीबाहेर पंख्याखाली बसून राहिलो. शिपाई चहा देऊन गेला, तो निवला. आत गेल्यावर म्हटलं, "सर, ही संहिता मला जमत नाही." ते म्हणाले, "अहो, घसा बसला असेल, आठवडाभर थांबू." त्यांनी दार उघडून दिलं होतं, ताई. नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, "घसा ठणठणीत आहे. मला जमत नाही."

परत पायीच आलो. मन मोठं झालं, हलकं वाटलं, असलं काही झालं नाही. नुसतं वाईट वाटलं. संचालकांनी त्याच दिवशी हिला फोन केला. मी बाहेरच्या खोलीत होतो. हिचा आवाज येत होता: "हो. हो. मी येईन. नाही, रजा आहे माझी."

काळजी घे. यंत्र डब्यातून काढून एकदा दुकानात दाखव.

तुझा,
धाकटा


१८ मे

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मोठं होतं, दोन पानी, आणि त्यात मला एकही शिवी नव्हती. तेव्हा तुला माझी खरंच काळजी वाटली असणार. यंत्राची शिट्टी बंद झाली हे वाचून बरं वाटलं.

नवा शो सुरू झाला. हिने आठ-दहा दिवस रजा काढून ध्वनिमुद्रण केलं. रोज डबा घेऊन जायची, संध्याकाळी येऊन दाढीवाल्याच्या गमती सांगायची. मी ऐकायचो. एकदा म्हणाली, "गुरू म्हणताना माझा रु नीट येतो का हो? शाळेतल्या गुरूसारखा वाटतो, असं मला वाटतं." मला विचारलं तिने. मी तिला तो दहा वेळा म्हणायला लावला. बरोबरच येत होता. दोन वेळांतच कळलं होतं. उरलेल्या आठ वेळा मी ओढून घेतल्या.

उद्घाटनाला मी खुर्चीत नव्हतो, यंत्रापाशी होतो. शो सुरू करायचं बटण अजून माझ्याचकडे आहे. दोन शाळांची पोरं आली होती. ही मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, लॅबमधून थेट आलेली. दिवे मालवले, आकाश उमटलं, आणि हिचा आवाज वरून यायला लागला. घरातला आवाज. गॅस बंद केलात का विचारणारा. तो घुमटभर पसरला.

पोरं आता चुळबुळतील, मग चुळबुळतील म्हणून मी वाट बघत होतो. खरं सांगतो, वाट बघत होतो. गुरू मोठा होत गेला, डोंगर सैरावैरा धावायला लागले, आदळले, चुरा झाला, आणि कुठेही आवाज नाही, फक्त ही सांगतेय. सूर्याच्या बाजूचे दगड कोरडे, पलीकडचे काळे, पाणी धरून ठेवलेले, वेगवेगळ्या जागी जन्मून एकाच पट्ट्यात येऊन राहिलेले. मग ते वाक्य आलं. 'इथे एक ग्रह होऊ शकला असता. झाला नाही.'

कोणी किंचाळलं नाही. अंधारात मला पोरांच्या माना दिसत होत्या, सगळ्या वर. एक हुंकार नाही, एक खुर्ची नाही. एकोणीस वर्षं माझ्यासाठी पोरं ओरडली, ताई. अशी गप्प कधी बसली नाहीत.

मला इतकं लागलं की मी यंत्राची कड धरून उभा राहिलो.

शो संपल्यावर शास्त्रज्ञ बाई माझ्याजवळ आली. म्हणाली, "काका, तुम्हाला एक सांगू? काही जणांचं म्हणणं आहे की तिथे मुळात माल फार नव्हताच. जे आहे ते नंतर इकडून तिकडून येऊन साठलं. अजून वाद चाललाय." मी म्हटलं, "म्हणजे ही संहितासुद्धा बदलेल?" "बदलू शकते." ताई, मला काय आनंद झाला! बदलली तर पुन्हा मुद्रण, नवा आवाज, हिचाही जाणार. हे मनात येऊन गेलं तेव्हा ही दहा पावलांवर उभी होती आणि कोणाच्या तरी आईला सांगत होती, "हो, माझाच आवाज. नाही हो, शिकले नाही कुठे."

बसमध्ये तिने विचारलं, "कसं झालं?"

बरं झालं म्हणता आलं असतं. छान झालं म्हणता आलं असतं, दोनदा.

मी म्हटलं, "मला असं कधी जमलं नसतं. आणि मला ते सहन होत नाहीये."

तिने तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "दोन्ही खरंच दिसतंय." आणि पर्स उचलून माझ्या मांडीवर ठेवली, तिच्या खांद्याला रग लागली होती म्हणून. घर येईपर्यंत मी ती धरून बसलो होतो.

आज हे पत्र लिहून झालं, पाकिटावर तुझा पत्ता घातला, तेवढ्यात ही समोर येऊन बसली. म्हणाली, "ताईंना माझ्याबद्दल काय काय लिहिता हो तुम्ही?" मी कागद पुढे सरकवले. म्हटलं, "वाच. मोठ्याने वाच." का म्हटलं असेन कोण जाणे. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. शिट्टीचं वाचून हसली. 'मला इतकं लागलं' हे आलं तिथे ती थांबली नाही, आवाज हळू केला नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. आनंदाच्या त्या वाक्याशीही नाही. माझं सगळं हलकट मन तिने तिच्या त्या सरळ आवाजात, टेबलावर कोपर टेकून, वाचून दाखवलं. आणि मी ऐकलं. ते माझंच आहे हे ओळखून ऐकलं.

शेवटच्या पानापाशी आली तेव्हा कागद खाली ठेवून म्हणाली, "हे खोटं आहे."

शेवटी मी लिहिलं होतं की झालं गेलं संपलं, आता मी जळत नाही.

"ते काढा," ती म्हणाली. "ताईंना खरं लिहा. मला चालतं."

म्हणून हे पान दुसऱ्यांदा लिहितोय. ती शेजारीच बसली आहे, उद्याच्या डब्याची भाजी निवडतेय. मी लिहिता लिहिता थांबलो की वर बघते.

तुझा,
अजून जळणारा, आणि ते दोघींनाही ठाऊक असलेला,
धाकटा भाऊ